बारा ते अठरा : शासनाचे नियोजन आणि आपले घर



‘आरोग्य आणि अर्थकारण’ या आपल्या सदरात आजवर आयकर, पेन्शन, मधुमेह, पाठदुखी असे विषय येऊन गेले. ते सगळे आपल्या, म्हणजे मोठ्या माणसांच्या, उपयोगाचे. या वेळी मी घरातल्या अशा सदस्याविषयी लिहिणार आहे, जो धड लहान नाही आणि धड मोठाही नाही. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी जर्मन शासन काय योजना आखते, त्या कशा आखल्या जातात आणि आपण मराठी पालक त्यांचा कितपत उपयोग करून घेतो, हा आजचा विषय आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. सांगलीला इंजिनिअरिंगची पदवी घेतली, काही वर्षे पुण्यात नोकरी केली आणि २०१९ पासून वोल्फ्सबुर्गमध्ये मोटारींसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम करतो. खाली जे लिहिले आहे ते कायद्याची कलमे वाचून, कचेऱ्यांत चौकशी करून आणि एक मोठी चूक करून शिकलेले आहे. चूक आधी सांगतो, म्हणजे बाकीचे समजायला सोपे जाईल.

आमच्या घरची गोष्ट

आम्ही इथे आलो तेव्हा आमची मुलगी सात वर्षांची होती. वर्षभरात ती जर्मन बोलू लागली आणि दोन वर्षांत दवाखाना, दुकान, पोस्ट ऑफिस अशा सगळीकडे आमची दुभाषी झाली. आम्हाला त्याचे केवढे कौतुक! पाहुण्यांसमोर आम्ही ते पुनःपुन्हा सांगत असू.

२०२४ च्या हिवाळ्यात चित्र बदलले. शाळेचा डबा तसाच परत येऊ लागला. संध्याकाळी ती खोलीचे दार लावून बसे. गणित हा तिचा हातखंडा विषय, त्यातही गुण घसरले. सकाळी उठवताना नाकी नऊ येत. मी लगेच निदान करून टाकले : मोबाईल. रात्री मोबाईल आमच्या खोलीत ठेवायचा असा नियम केला. काडीचाही फरक पडला नाही.

वर्गशिक्षिकेने आम्हा दोघांना बोलावले आणि शांतपणे सुचवले, की शाळेतल्या समाजसेविकेशी बोला, नाहीतर मुलांविषयी सल्ला देणाऱ्या केंद्रात एकदा जाऊन या. माझी पत्नी तयार होती. मीच नको म्हणालो. “एकदा आपले नाव युगेंटआम्टच्या फायलीत गेले, की संपलेच,” हे माझे शब्द. युगेंटआम्ट म्हणजे इथले बाल व युवक कल्याण कार्यालय. त्याविषयीच्या ऐकीव गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. त्या भीतीपायी चार महिने वाया गेले.

त्यानंतर आमच्या क्रांकेनकासेकडून, म्हणजे आरोग्य विमा संस्थेकडून, पत्र आले की तुमच्या पाल्याची ‘जे-१’ तपासणी करून घ्या (जर्मन उच्चार ‘योट आइन्स’). फुकट आहे म्हणून गेलो, खोटे कशाला सांगू! डॉक्टरबाईंनी उंची, वजन, पाठीचा कणा, रक्तदाब पाहिला, लसींची वही तपासली. मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “आता आई-बाबांनी जरा बाहेर बसावे.” मला ते रुचले नाही. तेरा वर्षांच्या मुलीचे आमच्यापासून असे काय गुपित असणार? पण पत्नीने हाताला धरून बाहेर नेले.

वीस मिनिटांनी दार उघडले तेव्हा मुलीचे डोळे लाल होते, पण चेहरा कित्येक दिवसांनी सैल दिसत होता. डॉक्टरबाईंनी आधी तिला विचारले, “हे मी त्यांना सांगू का?” ती हो म्हणाली, तेव्हाच त्या आमच्याशी बोलल्या.

वोल्फ्सबुर्गची रोजीरोटी एका कारखान्याशी बांधलेली आहे, हे आपण जाणताच. २०२४ च्या डिसेंबरमध्ये फोक्सवागेन कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात करार होऊन २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजारांहून अधिक पदे कमी करण्याचे ठरले. मी ज्या लहान कंपनीत आहे तिला या उद्योगाकडूनच काम मिळते, त्यामुळे माझ्या कामाचे पुढे काय, ही चिंता आम्हाला त्याच्याही आधीपासून होती. रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत असू. ती झोपलेली नसे. परत जावे लागणार एवढे तिने ऐकले होते. केव्हा, कुठे, ते काही तिला कळत नव्हते. डॉक्टरबाईंना तिने विचारले होते, “आम्ही पुण्याला परत गेलो, तर मला दहावीच्या परीक्षेत मराठी लिहिता येईल का?”

आठवड्याने रक्ताचा अहवाल आला. शरीरातला लोहाचा साठा फारच कमी झाला होता. थकवा, न उठणे, लक्ष न लागणे यामागे तेही एक कारण होते. बिचारा मोबाईल उगीचच बदनाम झाला होता.

माझ्या व्यवसायात पहिला धडा असा असतो, की ज्याच्यासाठी प्रणाली बनवायची त्याला आधी विचारा. मी घरातल्या तीन माणसांचे भवितव्य आखत बसलो होतो आणि त्यातल्या एकाला काही विचारलेच नव्हते. या देशाचा कायदा मात्र मुलांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका असे सांगतो. म्हणून तो वाचायला घेतला.

कायदा काय सांगतो?

जर्मनीच्या समाजकल्याण संहितेचा आठवा भाग बालक आणि युवक यांच्या साहाय्यासाठी आहे. पूर्वेकडील नव्या राज्यांत तो ऑक्टोबर १९९० मध्ये आणि आपल्या नीडरझाक्सनसह पश्चिमेकडील राज्यांत १ जानेवारी १९९१ रोजी लागू झाला. २०२१ साली त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. त्याचे पहिलेच कलम असे आहे, की प्रत्येक तरुण व्यक्तीला आपल्या विकासासाठी साहाय्य मिळण्याचा आणि स्वतःचे निर्णय घेणारी, जबाबदार, समाजात मिळून-मिसळून राहणारी व्यक्ती म्हणून वाढवले जाण्याचा हक्क आहे. हा हक्क मुलाचा आहे. पालकांचा हक्क आणि कर्तव्यही त्याच कलमात पुढे सांगितले आहे.

या मांडणीला इतिहास आहे. युगेंटआम्टची पद्धत देशभर लागू करणारा कायदा १९२२ साली झाला आणि १९२४ पासून अमलात आला. पुढे नाझी राजवटीने तरुण पिढीसाठी फार मोठे ‘नियोजन’ केले, पण ते राज्याला सैनिक आणि अनुयायी हवेत म्हणून. हिटलर युवक संघटनेत जाणे सक्तीचे झाले. आपले वोल्फ्सबुर्ग १ जुलै १९३८ रोजी त्याच राजवटीने मोटारीच्या कारखान्यासाठी वसवले. आजचे नाव त्याला मे १९४५ मध्ये मिळाले. सरकार मुलांसाठी योजना आखते एवढ्यावरून ती मुलांच्या भल्याची ठरत नाही, हा धडा या देशाने फार महाग किंमत देऊन घेतला आहे. आजच्या कायद्यात मुलाचा हक्क पहिल्या कलमात आहे आणि कामाचा मोठा भाग सरकारबाहेरील संस्थांकडे दिलेला आहे, याकडे त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर पाहावे.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी नववे कलमही महत्त्वाचे आहे. मुलाची स्वतंत्रपणे वागण्याची वाढती क्षमता आणि त्याच्या कुटुंबाच्या सामाजिक व सांस्कृतिक गरजा व वैशिष्ट्ये लक्षात घेऊनच मदत करावी, असे ते सांगते. कायदेशीरपणे इथे राहणाऱ्या परदेशी नागरिकांच्या मुलांनाही हे साहाय्य मागता येते.

नियोजन म्हणजे नेमके काय?

‘नियोजन’ म्हटले की आपल्याला पंचवार्षिक योजनांची जाडजूड पुस्तके आठवतात. इथले युवक-साहाय्य नियोजन मुख्यतः शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर होते. वोल्फ्सबुर्ग हे जिल्ह्यापासून स्वतंत्र शहर असल्याने त्याचे स्वतःचे युगेंटआम्ट आहे. कायद्याच्या ८० व्या कलमात नियोजनाच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत :

१. आज काय उपलब्ध आहे त्याची मोजदाद करणे. युवक केंद्रे किती, सल्ला केंद्रे किती, समाजसेवक किती.

२. गरज काय आहे ते ठरवणे, आणि तेही मुलांच्या व पालकांच्या इच्छा, गरजा आणि आवडी लक्षात घेऊन.

३. ती गरज भागवण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी वेळेत आणि पुरेशा प्रमाणात आखणे. अकल्पित गरज उद्भवली तर तिचीही सोय होईल अशी तजवीज ठेवणे.

माझ्यासारख्या इंजिनिअरला हे वाचून गंमत वाटली. आहे ती प्रणाली तपासा, गरजा लिहून काढा, मग आराखडा करा आणि थोडी जागा राखून ठेवा. हेच तर आम्ही रोज करतो! फरक एवढाच, की आमचा प्रकल्प चुकला तर मोटारीचा पडदा काळा पडतो. इथे एखाद्या मुलाचे वर्ष फुकट जाते.

हा आराखडा एकटे अधिकारी ठरवत नाहीत. प्रत्येक युगेंटआम्टला जोडून युवक-साहाय्य समिती असते. तिच्यातील मतांपैकी तीन पंचमांश नगर परिषदेच्या सदस्यांकडे किंवा परिषदेने निवडलेल्या अनुभवी व्यक्तींकडे, आणि दोन पंचमांश स्वयंसेवी संस्थांनी सुचवलेल्या व्यक्तींकडे असतात. शिवाय नीडरझाक्सनच्या स्थानिक स्वराज्य कायद्यात असे सांगितले आहे, की मुलांच्या हिताशी संबंध येणाऱ्या योजनांत गावांनी व शहरांनी मुलांना आणि तरुणांना योग्य रीतीने सहभागी करून घ्यावे. देशाच्या पातळीवर, संसदेच्या प्रत्येक कार्यकाळात तज्ज्ञांचा एक आयोग बालक व युवकांच्या स्थितीवर अहवाल तयार करतो आणि सरकारला त्यावर आपले म्हणणे मांडावे लागते. पहिला अहवाल १९६५ साली आला, सतरावा २०२४ साली.

आता प्रश्न असा, की आपल्यापैकी कितीजण या ‘गरजांच्या यादीत’ आपली गरज नोंदवतात? शाळेतून किंवा नगरपालिकेकडून प्रश्नावली येते, ती आपण ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणून टोपलीत टाकतो. मी तरी टाकत असे. विचारल्यावर उत्तरच दिले नाही, तर आराखड्यात आपली मुले दिसणार कशी? १९६२ पासून या शहरात इटालियन कामगार येऊ लागले. पुढे इथे जर्मन-इटालियन शाळा उभी राहिली. ती आपोआप झाली नाही. लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा झाली.

युगेंटआम्टची भीती

या भीतीविषयी स्पष्ट बोलायला हवे. ती अगदीच निराधार नाही. मुलाला तातडीचा धोका आहे असे वाटल्यास त्याला तात्पुरते आपल्या ताब्यात घेण्याचा अधिकार या कार्यालयाला आहे. २०२१ साली बर्लिनमध्ये एका भारतीय दांपत्याची तान्ही मुलगी अशा रीतीने ताब्यात घेतली गेली. ते प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयापर्यंत गेले. ती बातमी वाचून काळजात चर्र झाले नाही असा भारतीय पालक विरळाच.

परंतु एका अधिकारावरून सगळ्या कार्यालयाची पारख करणे योग्य नाही. युवक केंद्रे, सुट्टीतली शिबिरे, पाळणाघरे, घटस्फोटाच्या वेळी पालकांना सल्ला, शिकण्यात मागे पडणाऱ्यांना मदत, ही सगळी कामे याच कायद्याखाली चालतात. आणि सल्ला केंद्रात जाणे म्हणजे आपल्याविरुद्ध खटला उभा करणे नव्हे. लक्षात ठेवण्याजोग्या चार गोष्टी सांगतो :

• मुलांच्या संगोपनाविषयीचा सल्ला (कलम २८) विनामूल्य असतो. त्यासाठी युगेंटआम्टकडे आधी अर्ज करून मंजुरी मिळवावी लागत नाही, थेट केंद्रात वेळ घेऊन जाता येते. अनेक केंद्रे स्वयंसेवी संस्था चालवतात.

• तिथले समुपदेशक गुप्तता पाळण्यास कायद्याने बांधलेले असतात. मुलाच्या जिवाला किंवा हिताला गंभीर धोका दिसला, तर मात्र त्यांना पावले उचलावी लागतात. हा अपवाद आपण जाणून असावे.

• मुलांना स्वतःहून सल्ला मागण्याचा हक्क आहे. पालकांना कळवल्याने सल्ल्याचा हेतूच फसणार असेल, तर त्यांना न कळवताही तो मिळू शकतो. पूर्वी यासाठी संकटाची परिस्थिती असण्याची अट होती, ती २०२१ मध्ये काढली गेली.

• मारहाणीविना वाढण्याचा हक्क २००० सालापासून जर्मन नागरी कायद्यात आहे. आपल्या लहानपणी मास्तरांची छडी आणि बाबांची चापट ही रोजची गोष्ट होती. इथे तिला जागा नाही, आणि नसावीच.

आम्ही पुढे सल्ला केंद्रात पाच वेळा गेलो. तिथे कुणी आमच्या व्हिसाचा विषय काढला नाही. समुपदेशिकेने पहिल्या भेटीत मुलीला एकच सांगितले, की इथे आई-बाबांचे भाषांतर करायचे काम तुझे नाही. त्यासाठी दुसरी सोय करता येते. मुलीने इतका मोठा सुस्कारा टाकला, की आम्ही दोघे खजील झालो. ज्या गोष्टीचे आम्ही कौतुक सांगत फिरत होतो, तिचे ओझे झाले होते.

आरोग्य : जे-१ आणि लसी

लहानपणीच्या तपासण्यांचे पिवळे पुस्तक सर्वांना ठाऊक असते. सहाव्या वर्षापर्यंत आपण त्या तपासण्या नेमाने करतो. पुढे मूल आजारी पडेपर्यंत डॉक्टरकडे जात नाही. रोबर्ट कोख संस्थेच्या देशव्यापी पाहणीतही असे आढळले, की जे-१ तपासणीला निम्म्याहून कमी मुले गेली होती. म्हणजे हे दुर्लक्ष केवळ आपल्या लोकांचे नाही.

ही तपासणी बारा ते चौदा या वयात एकदा करायची असते आणि सार्वजनिक विमा असलेल्यांना तिचा खर्च पडत नाही. वाढ, कणा, पौगंडावस्थेचे टप्पे, लसी यांबरोबर झोप, खाणे, शाळा, व्यसने, मन या विषयांवर बोलणे होते. गरजेप्रमाणे रक्त व लघवी तपासतात. मुलाने डॉक्टरशी एकट्याने बोलणे हा तिचा महत्त्वाचा भाग आहे. पालकहो, त्या वेळी बाहेर बसा! पुढची ‘जे-२’ तपासणी सोळा-सतराव्या वर्षी असते. तिचा खर्च काही विमा संस्था देतात, काही देत नाहीत, तेव्हा आधी विचारावे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा विमा खासगी असतो. त्यांनी आपल्या करारात या तपासण्या आहेत का ते पाहावे.

एचपीव्ही लस नऊ ते चौदा या वयात मुलींना आणि मुलांनाही घ्यायला सांगतात. मुलांसाठी ही शिफारस २०१८ पासून आहे. या वयात पाच महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर तीन लागतात. हा विषय काढायला आपल्या घरात संकोच वाटतो, पण कर्करोगापासून बचाव करणारी लस संकोचापायी चुकवू नये.

राहिला लोहाचा प्रश्न. आमचे घर शाकाहारी आहे. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या शंभरातील ५९ मुलींत रक्तक्षय आढळला. म्हणूनच तिकडे सरकारने किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी शाळेतून आणि अंगणवाडीतून देण्याचा कार्यक्रम सुरू केला. ७ जानेवारी २०१४ रोजी ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ आला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी पोषण, मानसिक आरोग्य, लैंगिक व प्रजनन आरोग्य, हिंसा व इजा, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार अशी सहा सूत्रे त्यात ठरवली. महाराष्ट्रात या वयासाठीच्या दवाखान्यांना ‘मैत्री क्लिनिक’ असे सुंदर नाव दिले आहे. गावातल्याच मुलामुलींना तयार करून समवयस्कांशी बोलायला लावणे, हाही त्या कार्यक्रमाचा भाग आहे. दोन देशांत साधनसंपत्तीचे केवढे अंतर आहे! पण या वयातले मूल आई-वडिलांना जे सांगणार नाही ते दुसऱ्या विश्वासू माणसाला सांगेल, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच. आणि गंमत पाहा, सांगली जिल्ह्यातल्या माझ्या भाचीला शाळेत निळी गोळी मिळत होती, तेव्हा युरोपातल्या श्रीमंत शहरात माझ्या मुलीचे लोह कमी होत होते आणि मी मोबाईल लपवत होतो.

पैशाची बाजू

किंडरगेल्ड आपण सगळेच घेतो. २०२५ मध्ये ते दर मुलामागे दरमहा २५५ युरो होते, जानेवारी २०२६ पासून २५९ युरो आहे. ते अठराव्या वर्षापर्यंत मिळते. शिक्षण चालू असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत, पण त्यासाठी अठरा पूर्ण होताच शाळेचा किंवा विद्यापीठाचा दाखला पाठवावा लागतो. अर्जाला उशीर झाला, तर मागील सहा महिन्यांचेच पैसे मिळतात, हे लक्षात असू द्या.

सार्वजनिक विम्यात मुले पालकांबरोबर विनाशुल्क असतात. पालकांपैकी एकाचा विमा खासगी असेल, तर याचे नियम वेगळे पडू शकतात. ही सवलत अठराव्या वर्षापर्यंत आणि शिक्षण चालू असल्यास पंचविसाव्या वर्षापर्यंत असते. मात्र मुलाचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेले, तर ती जाते. मुलाच्या नावावर मोठी गुंतवणूक करणाऱ्यांनी व्याज आणि लाभांश त्या मर्यादेत बसतात ना ते पाहावे. शिवाय मुलाच्या नावावरचा पैसा मुलाचाच असतो. अठराव्या वर्षी त्याने मोटारसायकल घेतली, तर आपण काही करू शकत नाही!

नोकरीवर गदा आलीच, तर मुलांसाठी काय आहे? कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ‘किंडरत्सुश्लाग’ ही जादा रक्कम मागता येते. ती मिळू लागली की शालेय सहलींचा खर्च, शिकवणी, आणि खेळ किंवा संगीताच्या वर्गासाठी दरमहा १५ युरो अशी मदतही मिळू शकते. किंडरगेल्ड आणि किंडरत्सुश्लाग घेतल्याने आपण सरकारी मदतीवर जगतो असे निवास परवान्याच्या कायद्यात धरले जात नाही. इतर सर्व मदतींना हे लागू नाही, म्हणून त्या घेण्याआधी परवान्याच्या अटी तपासून घ्याव्यात.

वयाप्रमाणे काय काय?

कापून फ्रिजवर लावण्यासारखी यादी देत आहे.

१२ ते १४ वर्षे : जे-१ तपासणी. एचपीव्ही लस राहिली असल्यास ती.

१३ वर्षे : पालकांच्या संमतीने हलके काम, दिवसाला दोन तास. उदाहरणार्थ वर्तमानपत्रे टाकणे, शिकवणी देणे.

१४ वर्षे : स्वतःचा धर्म ठरवण्याचा हक्क. गुन्ह्याची कायदेशीर जबाबदारीही याच वयापासून.

१५ वर्षे : शाळेच्या सुट्टीत वर्षाला एकूण चार आठवड्यांपर्यंत काम. सामाजिक लाभांसाठी स्वतः अर्ज करता येतो.

१६ वर्षे : नीडरझाक्सनमध्ये स्थानिक निवडणुकीत मतदान, पण जर्मनीचे किंवा युरोपीय संघातील दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असेल तरच. जे-२ तपासणीची चौकशी.

१७ वर्षे : मोठ्या माणसाला शेजारी बसवून मोटार चालवणे. हा प्रयोग २००४ मध्ये आपल्या नीडरझाक्सननेच आधी सुरू केला.

१८ वर्षे : किंडरगेल्ड आणि विम्यासाठी शिक्षणाचा दाखला.

याखेरीज एक दूरध्वनी क्रमांक मुलांना पाठ असावा : ११६ १११. मुलांना आणि तरुणांना इथे नाव न सांगता, फुकट बोलता येते. भारतातल्या भाच्या-पुतण्यांसाठी १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा.

शेवटी

आमच्या घरचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. लोहाच्या गोळ्या आणि आहारातल्या बदलाने तीन-चार महिन्यांत तिला तरतरी आली. माझे काम वर्षभरासाठी वाढले. त्यापुढचे आजही ठाऊक नाही. फरक इतकाच, की आता ते तिलाही ठाऊक आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही तिघे टेबलाशी बसतो. बँकेत किती आहे, कंपनीत काय चालले आहे, परत जायची वेळ आलीच तर केव्हा आणि कुठे, सगळे मोकळेपणाने बोलतो. तिला विचारतो. पहिल्याच बैठकीत तिने अट घातली, की गेलोच तर शाळेचे वर्ष अर्धवट सोडून जायचे नाही. ही अट आम्हाला कधी सुचलीच नव्हती.

दहावीच्या मराठीसाठी तिने स्वतःच मार्ग काढला. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक संगणकावर वाचायला मिळतात. रोज एक पान मोठ्याने वाचायचे, असे तिचे चालू आहे. अडले की मी आहे. परवा तिने ‘अडगळ’ म्हणजे काय ते विचारले, तेव्हा मी तळघर दाखवले.

आपल्या मंडळालाही एक विनंती आहे. आपण गणपती आणि दिवाळी उत्साहाने करतो, लहानांच्या नाचगाण्यांना टाळ्या देतो. तेरा-चौदा वर्षांची मुले मात्र हॉलच्या मागच्या रांगेत मोबाईल घेऊन बसलेली असतात. पुढच्या कार्यक्रमाचे नियोजन करताना एक तास त्यांना द्यावा आणि तुम्हाला काय हवे ते विचारावे. जे सांगतील ते लिहून घ्यावे. शहराच्या युवक-साहाय्य समितीत बोलायचे, तर आधी आपल्याकडे सांगण्यासारखे काही हवे, आणि ते मुलांकडूनच येईल.

ज्या पालकांना सल्ला केंद्रात पहिल्यांदा जाताना संकोच किंवा भीती वाटत असेल, त्यांनी मंडळामार्फत मला जरूर कळवावे. सोबत येईन. बाहेरच्या बाकावर बसायची आता मला सवय झाली आहे.